सलग चार

जगात कुठं न्याय मिळत नसेल तर जयपूरच्या दुर्गापुऱ्याला या. आमच्या घरी, पुढच्या खोलीत, दर रविवारी सकाळी कोर्ट भरतं. न्यायाधीश आमचे हे, दिलीप. सी-स्कीममधल्या एका बँकेत ऑफिसर होते. तिथं सगळा जन्म वरच्या साहेबाला 'यस सर' म्हणण्यात गेला, पण रविवारी झब्बा चढवून सोफ्यावर मांडी घातली की हायकोर्टाच्या जज्जानं यांच्याकडून तोरा उसना न्यावा. आणि खटला कशाचा म्हणाल? तर विलायतेतल्या कुठल्या रॉक बँडनं सलग सगळ्यात जास्त चांगले अल्बम काढले, याचा.

हसा. मीही पहिली काही वर्षं हसले. मग हसू संपलं आणि चहा करणं तेवढं उरलं.

मी अमिता. माहेर कोल्हापूर, सासर कराड आणि नशिबात जयपूर. थोड्या दिवसांची बदली म्हणून आलो होतो. यांना इथला उन्हाळा सोसत नव्हता, इथली डाळ गळ्याखाली उतरत नव्हती, पण परत जायची वेळ आली की प्रमोशन नाकारून मोकळे व्हायचे. का? तर इथली रविवारची बैठक मोडेल. माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी कोल्हापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, ते या बैठकीपायी. असू दे. तो राग जुना झाला. आता जो आहे तो वेगळा आहे.

यांना हा नाद लागला पुण्याच्या हॉस्टेलात. मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता, तो येताना परदेशातून रेकॉर्डी घेऊन यायचा. आमच्या लग्नात माझ्या रुखवतापेक्षा यांच्या रेकॉर्डींची पेटी जड होती. मला गाण्यांची नावं आजही येत नाहीत. मी अल्बम ओळखते ते वरच्या चित्रावरून, कारण धूळ मी पुसली. गायवाला, पाण्यातल्या कानाचा, काचेच्या त्रिकोणाचा, पेटलेल्या माणसाचा, उडत्या डुकराचा, पांढऱ्या विटांचा. हे सगळे पिंक फ्लॉइडचे. ते यांचे देव. पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा आहे तो लेड झेपलिनचा. ते भीमरावांचे देव.

भीमराव म्हणजे लातूरकडचे. इथल्या शेती संशोधन केंद्रात बाजरीवर काम करायचे. आवाज मोठा, मन मोठं, आणि हरले की शाळेतल्या पोरासारखे रुसायचे. तिसरे मंगेशराव, विमा कंपनीतले. ते बीटल्सवाले. फार बोलायचे नाहीत, कारण आपण केव्हाच जिंकलोय अशी त्यांची पक्की समजूत होती. तीन माणसं, तीन देव, आणि निकाल देणार तिघांतलाच एक! कारण रेकॉर्डी यांच्या, स्पीकर यांचे, आणि चहा माझा.

नियमसुद्धा यांनीच केलेले. साखळी म्हणायची तर कमीत कमी चार अल्बम सलग चांगले हवेत. हे म्हणायचे, "दोन-तीन कुणालाही जमतात, नशिबानं जमतात. माणूस किती पाण्यात आहे ते चौथ्याला कळतं." मधे एक जरी कच्चा निघाला की साखळी तुटली. ज्याच्यावर वाद, तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. वाजत असताना बोलायचं नाही, कचोरीला हात लावायचा नाही, चहासुद्धा नाही. मग बाकीच्यांनी आपलं मत सांगायचं, आणि शेवटी हे पाठ ताठ करून एकच शब्द उच्चारायचे. 'टिकली.' नाहीतर 'तुटली.' झालं, त्यावर अपील नाही.

भीमरावांची साखळी यांनी पाचव्यावर तोडली होती. उघडी पोरं दगडांवर चढतायत, त्या अल्बमवर. भीमराव जे उठून गेले ते कितीतरी रविवार फिरकले नाहीत. शेवटी मीच पुरणपोळ्या घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "भावजी, त्या गोऱ्यांना तुमचं नाव तरी माहीत आहे का? कशाला जीव जाळता?" तर मला म्हणाले, "वहिनी, प्रश्न गोऱ्यांचा नाही, न्यायाचा आहे." म्हटलं, या सगळ्यांनाच एक झटका आलाय.

पण परत आले ते तयारी करून आले. बसल्या बसल्या म्हणाले, "दिलीप, तुझ्या देवांनी कान आणि त्रिकोण यांच्या मधे आणखी एक काढलाय. धुरकट ठिपक्यांचं चित्र आहे बघ. त्याला तू पेटीच्या तळाशी घालून ठेवलायस. तो काय मोळीवाल्याच्या तोडीचा आहे?"

 मी कपबश्या घेऊन दारातच थांबले. म्हटलं, आज बरे सापडले.

हे जरासुद्धा गडबडले नाहीत. म्हणाले, "तो मोजायचा नाही."

"का? तुझ्या देवांचा म्हणून?"

"तो त्यांनी स्वतःसाठी केलेला नाही. दुसऱ्याच्या पिक्चरला गाणी हवी होती, म्हणून घाईत करून दिला. दुसऱ्याच्या गरजेला धावून माणूस जे करतो, त्यावरून त्याला मोजायचं नसतं, भीमराव."

 मंगेशरावांनी मान डोलावली. आणि मी, वेडी, स्वयंपाकघरात जाऊन ते वाक्य मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. फार आवडलं हो मला. वाटलं, वरून असा लाकडासारखा असला तरी माणूस आतून मऊ आहे. त्या एका वाक्याच्या आधारावर मी या घरात कितीतरी वर्षं काढली.

आमचा कौशिक त्या सोफ्याच्या पायाशी वाढला. रांगायला लागला तेव्हापासून स्पीकरला गाल लावून बसायचा. जयपूरचं पोर, शाळा हिंदी-इंग्रजीत, त्यामुळे मराठी बोलताना मधेमधे 'मतलब' घालायचा, पण गाताना शब्द न् शब्द स्वच्छ. इथं मराठी लोकांचं मंडळ आहे, गणपतीत मुलांच्या गाण्याची स्पर्धा असते. एका वर्षी परीक्षक म्हणून यांना बसवलं. कौशिक असा गायला की बायकांनी डोळ्याला पदर लावले. निकाल लागला, कौशिक तिसरा. पहिला कोण आला ते मी सांगत नाही, पण त्याच्या आईलासुद्धा लाज वाटली असेल.

घरी येताना ऑटोत पोरानं विचारलं, "बाबा, मी बेसूर झालो होतो का?"

"नाही."

"मग?"

"मी परीक्षक होतो ना," हे म्हणाले. तेही अशा सुरात, की पोराला हे आपलं आपण समजायला हवं होतं.

तसा माणूस स्वच्छ. दिवाळीला चारदीवारीतला, म्हणजे जुन्या शहरातला, एक जवाहिऱ्या घरी मिठाईचा डबा पाठवायचा, तो हे उघडूसुद्धा न देता परत करायचे. बँकेत आपल्या ओळखीचा माणूस आला की त्याचे कागद दुप्पट तपासायचे. लोक म्हणायचे, दिलीपसाहेबांसारखा सरळ माणूस नाही. लोकांचं काय जातं? सरळपणाची झळ लागायची ती घरच्यांना. परक्याला सूट मिळू शकते, घरच्याला नाही, असा यांचा सरळपणा. मी पुष्कळदा बोलून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

कौशिकनं कॉलेजात गिटार धरली. त्याचा दोस्त अभिनव ड्रम वाजवायचा. अभिनवच्या वडिलांचा जोहरी बाजारामागं रत्नांना पैलू पाडायचा कारखाना, त्याच्या वरची खोली पोरांना मिळाली. खाली दिवसभर चाकं घरघरायची, वर ही पोरं धडाधड वाजवायची. बँडचं नाव ठेवलं 'परकोटा', म्हणजे जुन्या शहराचा तट. गाणी हिंदीत, मधेच एखादं कडवं मराठीत. पहिला अल्बम निघाला तेव्हा कौशिकनं बाबांच्या हातात दिला आणि उभा राहिला. यांनी आत जाऊन दार लावून ऐकला. बाहेर आले आणि म्हणाले, "रेकॉर्डिंग बरं आहे." एवढंच. पण जेवताना वरणभाताशी यांचा पाय ठेका धरत होता, ते मी टेबलाखाली पाहिलं. पोरानं नाही पाहिलं.

दुसरा अल्बम चालला. दिल्ली, पुणे, बंगलोर, पोरं सगळीकडं वाजवून आली. भीमराव तर पेढे घेऊन आले. "दिलीप, घरात साखळी सुरू झाली बघ! दोन झाले!"

हे म्हणाले, "चार होऊ देत. मग बोलू."

कौशिक हसला होता तेव्हा. म्हणाला, "होतील बाबा. देख लेना."

आणि मग मी आजारी पडले. छातीत गाठ. ऑपरेशन, मग केमो. कौशिकनं ठरलेले सगळे कार्यक्रम सोडले आणि घरी येऊन राहिला. मला गाडीतून हॉस्पिटलात न्यायचं, सलाइन चालू असेपर्यंत शेजारी बसायचं, परत आणायचं, ओकारी धरायची, सगळं त्यानं केलं. आणि हे? हे एकदा आले. वॉर्डाच्या दारापर्यंत आले, वास आला तसे मागं फिरले आणि खाली गाडीत जाऊन बसले. मला ते वरच्या खिडकीतून दिसत होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, गाडी बंद. बघवलं नसेल त्यांना, मी समजून घेतलं. आजारी मी, आणि समजून घेणारीही मीच! रविवारची बैठक तेवढी चालू होती, आवाज कमी करून.

त्याच दिवसांत कौशिकनं तिसरा अल्बम केला. माझ्या पलंगाशेजारी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, मला जाग येऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात. ड्रम नाहीत, काही नाही. मी पडल्या पडल्या ऐकायचे. झोप लागायची. उठले की तो तिथंच. एका गाण्यात मागं माझा खोकला आलाय. मी म्हटलं, "अरे, तो काढ की." तर म्हणाला, "नाही आई, तो गाण्यातलाच आहे." रेकॉर्डिंगमधलं मला काही कळत नाही. पण माझ्या मुलानं मला हाताला धरून त्या वर्षातून बाहेर काढलं, आणि ते कसं काढलं, ते त्या अल्बममध्ये आहे.

लोकांना तो फारसा आवडला नाही. दुसऱ्या अल्बमची चटक लागलेली माणसं, त्यांना धमाका हवा होता. कार्यक्रमाचे फोन कमी झाले. मी बरी झाले, केस परत आले, आणि कौशिकला गुडगावच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. अभिनव रोज फोन करायचा, चौथा करायचा की नाही ते सांग.

एका शनिवारी मी मेथी निवडत होते. कौशिक येऊन बसला, माझ्या हातातली जुडी घेतली. म्हणाला, "आई, उद्या मी बाबांसमोर तिसरा लावणार आहे. मतलब, नियमानं. सगळ्यांसमोर. टिकली म्हणाले तर चौथा करतो. नाहीतर सोमवारी कंपनीला हो म्हणून कळवतो."

"अरे, बाबांच्या एका शब्दावर?"

"त्यांनी मला कधीच एक शब्द दिला नाही ना आई," तो म्हणाला. "एक तर ऐकू दे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मुलावर नाही. सकाळी हे दाढी करत होते, तिथं मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "अहो, आज तो तुम्हाला विचारणार आहे. टिकली म्हणा. काय जातंय तुमचं?"

यांनी रेझर खाली ठेवला. म्हणाले, "हे तू मला आधी सांगायला नको होतंस."

"का?"

"आता मला जास्तच जपून निकाल द्यावा लागेल. उद्या भीमराव म्हणतील, पोराचा म्हणून सोडला."

"म्हणू देत की भीमराव! मुलगा तुमचा आहे का भीमरावांचा?"

हे आरशात बघून पुन्हा दाढी करायला लागले. अर्ध्या गालाला फेस, आणि त्यात तो न्यायाधीशाचा चेहरा. तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

दहाच्या सुमारास मंडळी जमली. प्याज कचोरी मधे झाकून ठेवली. कौशिकनं स्वतः लावलं आणि खाली सतरंजीवर बसला, लहानपणी बसायचा तिथंच. वाजायला लागलं. कुणी बोललं नाही, कुणी कचोरीला हात लावला नाही. मी दारात उभी. भीमरावांसारख्या आडदांड माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मंगेशरावांनी डोळे मिटले होते. माझ्या खोकल्याचं गाणं आलं तेव्हा कौशिकनं वळून माझ्याकडं पाहिलं, जरासं हसला.

संपलं. मंगेशराव म्हणाले, "टिकली."

भीमराव म्हणाले, "टिकली म्हणजे काय! टिकली!"

मग यांनी पाठ ताठ केली. समोर भिंतीकडं बघत म्हणाले, "तुटली."

आणि तेवढ्यावर थांबतील तर ते हे कसले? कारणं दिली. पहिल्या दोन्हींत जी ताकद होती ती इथं नाही. ड्रमशिवाय अल्बम लंगडा वाटतो. आवाज दबलेला. "आणि त्या पाचव्या गाण्यात मागं काहीतरी खरखर येते. ती काढायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही. हा निष्काळजीपणा झाला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात कौशिकनं हात वर केला, मला. बोलू नको म्हणून. मग यांना म्हणाला, "बरोबर आहे, बाबा." आणि वाकून झाकण काढलं, एक कचोरी घेतली, तोडली आणि खायला लागला. अगदी शांतपणे खात होता.

खोकल्याचं नाही बोलले मी. त्यानं अडवलं म्हणून नाही बोलले. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी आत आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तो धुरकट ठिपक्यांचा तुम्ही मोजत नाही ना? का मोजत नाही?"

"अगं, तो विषय वेगळा आहे."

"सांगा की वेगळा कसा. दुसऱ्याच्या गरजेला धावून माणूस जे करतो त्यावरून त्याला मोजायचं नसतं, असं कोण म्हणालं होतं? भीमरावभावजी, कोण म्हणालं होतं?"

भीमराव खाली बघत म्हणाले, "दिलीपच म्हणाला होता, वहिनी."

"मग यानं हा कुणासाठी केला? कुणाच्या उशाशी बसून केला? तुम्ही खाली गाडीत बसला होतात तेव्हा हा वर काय करत होता?"

 यांची मान जरा हलली. मला वाटलं, आता बोलतील. एक शब्द. बदलतील. अजूनही वेळ होती, पोरगं समोर बसलं होतं, घास तोंडात तसाच धरून.

हे म्हणाले, "चहा टाक."

"तुमचा तुम्ही टाका," म्हटलं आणि मी मागच्या अंगणात निघून गेले. त्या दिवशी त्या घरात चहा झाला नाही.

सोमवारी कौशिकनं कंपनीला हो कळवलं. जाण्याआधी चारदीवारीत जाऊन गिटार अभिनवला देऊन आला. ई-रिक्षातून परत आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते, ते कुठं ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं. वडिलांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला आणि गेला. भांडला नाही. दिवाळीला येतो, यांच्यासाठी शर्ट आणतो, बीपीच्या गोळ्या संपल्या का विचारतो. पण घरात काही वाजत असलं की उठून गच्चीवर जातो.

मी यांच्याशी बोलणं सोडलं नाही. बोलणं सोडून कुणाला सुख द्यायचं? उलट रोज बोलले. ऊठसूट टोचलं. यांनी सगळं ऐकून घेतलं, पण चुकलो म्हणून कधी कबूल केलं नाही. निकाल तो निकाल.

बैठकही विरत गेली. मंगेशराव मुलीकडं नाशिकला गेले. भीमरावांचे कान गेले, आता मशीन लावून येतात आणि निम्मं ऐकतात. तरी रविवार आला की हे झब्बा घालतात. दोन म्हातारे समोरासमोर बसतात, मोळीवाला विरुद्ध त्रिकोण.

या हिवाळ्यात मला सर्दी झाली. साधीच, इथली थंडी छातीत बसते तशी. मी स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरी थापत होते, हे बाहेर एकटेच बसले होते. आणि मला ऐकू आलं, यांनी कौशिकचा तिसरा लावला होता. मधूनमधून लावायचे अलीकडं, मी नसले की. मी घरात आहे हे विसरले असतील. पाचवं गाणं लागलं. मला खोकला आला. तेव्हाच स्पीकरमधूनही आला.

बाहेर गाणं थांबलं. पुन्हा मागून लागलं. पुन्हा थांबलं. मग हे स्वयंपाकघराच्या दारात आले. चष्मा हातात.

"अमिता, ती खरखर... तू आहेस?"

यांनी मला नावानं हाक कधी मारली होती, आठवत नाही. मी भाकरी तव्यावर टाकली. म्हटलं, "आत्ता ऐकू आलं का?"

हे तिथंच पाटावर बसले.  भाकरी करपली, मी उलटली नाही. मग म्हणाले, "मी त्याला निष्काळजी म्हणालो गं."

"हो. म्हणालात."

"काढला का नाही त्यानं तो?"

"मी म्हटलं होतं काढ म्हणून. तो म्हणाला, गाण्यातलाच आहे."

मला दया आली का? खोटं कशाला बोलू, नाही आली. वाटलं, बस आता. मीही अशीच बसले होते त्या अंगणात.

पुढच्या रविवारी भीमराव आले. यांनी नवा झब्बा घातला होता, सकाळपासून खोलीत येरझारा चालू होत्या. भीमरावांना म्हणाले, "आज जुना खटला पुन्हा उघडायचा आहे." अपील नसलेल्या कोर्टात स्वतःच अपील केलं! मग फोन लावला कौशिकला आणि स्पीकरवर टाकला. मी दारात. जागा तीच, फक्त सतरंजीवर कुणी नव्हतं.

"बोला बाबा. तब्येत?"

"तब्येत बरी आहे. ऐक. मी तुझा तिसरा परत ऐकला." यांनी पाठ ताठ केली, सवयच ती. "माझा निकाल चुकला. तो मोजायचा नाही. तो तू स्वतःसाठी केलेला नव्हतास. आईसाठी केलास. म्हणजे तो धरायचाच नाही. साखळी तुटलेली नाही, कौशिक. टिकली. ऐकतोयस ना? मी म्हणतोय, टिकली."

पलीकडं मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता, सोसायटीतला असेल. मला वाटलं फोन कट झाला.

मग तो बोलला. अगदी सावकाश, लहान मुलाला समजावतात तसा. "तिसरा मोजायचा नाही म्हणता ना, बाबा? मग माझे दोनच राहिले. साखळीला चार लागतात. मतलब, नियम तुमचाच आहे."

"अरे, मग कर की पुढचे! वय काय तुझं? आता मी सांगतोय ना, कर!"

"गिटार नाही माझ्याकडं, बाबा. बोटंही नाही राहिली आता तशी." आवाजात राग नव्हता. असता तर मी देवापुढं साखर ठेवली असती. "आई आहे का तिथं? आईला द्या ना जरा."

यांनी फोन माझ्यापुढं धरला.  मी घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. विचारलं, "जेवलास का रे?"

मागून भीमराव कानातलं मशीन ठोकत मोठमोठ्यानं विचारत होते, "काय म्हणालं पोरगं? अरे दिलीप, मला ऐकू नाही आलं. टिकली का तुटली?"